आजचं जेवण कुठल्या डेकवर?

दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. जहाजावर नुकतंच पाऊल ठेवलेलं असतं, केबिन अजून तयार नसते, मोठ्या बॅगा धक्क्यावरच सोपवलेल्या असतात आणि सगळ्यांना सडकून भूक लागलेली असते. कुणीतरी हात वर करून सांगतं, "जेवण वरच्या डेकवर." मग जहाजावरची हजारो माणसं एकाच वेळी बुफेकडे निघतात. बऱ्याच कुटुंबांची क्रूझची पहिली आठवण अशीच असते. एका हातात ताटली, दुसऱ्या हातात मुलाचं बोट, डोळे रिकाम्या टेबलाच्या शोधात आणि आजी दाराशी गोंधळून उभी.

त्या गर्दीत अनेक जण मनाशी ठरवून टाकतात की, क्रूझवरचं जेवण म्हणजे हेच. खाली एक मोठा डायनिंग हॉल आहे आणि तिथल्या जेवणाचे पैसेही आपण तिकिटातच भरलेले आहेत, हे कळेपर्यंत निम्मी सहल सरलेली असते. काहींना ते कळलेलं असतं, पण "सुटाबुटातल्या लोकांचं ते काम" म्हणून ते तिकडे फिरकत नाहीत. उलट काही जण हौसेने रोज तिन्ही त्रिकाळ खालीच जेवायला बसतात आणि बंदरावरची सकाळ टेबलावर वाट बघण्यात घालवतात.

बुफे चांगला की डायनिंग हॉल, हा प्रश्न एकदाच सोडवून सात दिवस पाळायचा नसतो. तो प्रत्येक जेवणाला नव्याने विचारायचा. त्या वेळी तुम्हाला घाई आहे का, आणि ताटात काय आहे हे कुणाला तरी विचारण्याची गरज आहे का, एवढंच बघायचं. घाई असेल तर वर जा. विचारायची गरज असेल तर खाली बसा.

दोन जागा, दोन रीती

बुफे बहुधा वरच्या डेकवर, पोहण्याच्या तलावाच्या आसपास असतो. रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर त्याचं नाव 'विंडजॅमर', कार्निव्हलवर 'लिडो'. नावं वेगळी, पण घडण तीच. मधल्या थोड्या वेळा सोडल्या तर तो सकाळपासून रात्रीपर्यंत उघडा असतो. टेबल राखून ठेवता येत नाही. कपड्यांचं फारसं बंधन नसतं, फक्त ओला पोहण्याचा पोशाख आणि अनवाणी पाय चालत नाहीत.

डायनिंग हॉल खालच्या डेकवर असतो आणि मोठ्या जहाजांवर दोन-तीन मजले उंच असतो. जुनी रीत दोन पाळ्यांची आहे. पहिली पाळी संध्याकाळी सहाच्या सुमारास, दुसरी सव्वाआठ-साडेआठला. टेबल ठरलेलं आणि वाढणारी माणसंही रोज तीच. नॉर्वेजियन कंपनीने २००० साली ही ठरलेली पाळी सोडून 'फ्रीस्टाइल' पद्धत आणली, आणि आता बऱ्याच मोठ्या कंपन्या ठरलेली वेळ किंवा सोयीची वेळ यांतून निवड करू देतात. रात्रीचा मेनू रोज बदलतो. आधी सूप किंवा सॅलडसारखा सुरुवातीचा पदार्थ, मग मुख्य पदार्थ, शेवटी गोड. एकाऐवजी दोन सुरुवातीचे पदार्थ मागवले किंवा मुख्य पदार्थ वगळून नुसतं सूप आणि गोड घेतलं, तरी कुणी भुवया उंचावत नाही. सगळं मिळून दीड ते दोन तास जातात.

पैशांचा हिशेब आधीच समजून घ्या. बुफे आणि डायनिंग हॉल दोन्ही तिकिटात धरलेले असतात. पाणी, साधा चहा, साधी कॉफी यांचे पैसे पडत नाहीत. शीतपेयं आणि मद्य मात्र बहुतेक जहाजांवर वेगळं. इटालियन, जपानी वगैरे खास रेस्टॉरंटचा आकारही वेगळा. डायनिंग हॉलच्या मेनूवर एखाद्या महागड्या पदार्थासमोर छोट्या अक्षरात रक्कम छापलेली असते, तेवढी बघून मागवा. अमेरिकन कंपन्यांच्या बऱ्याच जहाजांवर माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर सेवाशुल्क तुमच्या खात्यावर चढतं. त्यात डायनिंग हॉलमधल्या वेटरचा वाटा असतोच, तुम्ही तिथे एकदाही बसला नाहीत तरी.

आईचा वरणभात

सिंगापूरहून निघालेल्या एका जहाजावर आम्ही आईला घेऊन गेलो होतो. आई शाकाहारी, अंडंही न खाणारी. पहिल्या रात्री आम्ही बुफेत गेलो. चाळीस-पन्नास पदार्थ मांडलेले होते. 'भाज्यांचे नूडल्स' अशी पाटी वाचून मी तिला एक ताटली आणून दिली. दोन घास खाल्ल्यावर तिने ती हलकेच बाजूला सारली. वास वेगळा येतोय म्हणाली. काउंटरवर जाऊन विचारलं तेव्हा कळलं की भाज्यांना ऑयस्टर सॉस लावलेला आहे. आई काही बोलली नाही. एक केळं, थोडं दही आणि दोन पाव, एवढंच तिचं रात्रीचं जेवण झालं. इतक्या पदार्थांच्या मधोमध ती उपाशी बसल्यासारखी बसली होती, ते मला फार लागलं.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही खाली गेलो. वेटर मडगावचा निघाला. जहाजांवर गोवेकर भेटणं ही नवलाची गोष्ट नाही. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर गोव्याचे खानसामे आणि वाढपी एकोणिसाव्या शतकापासून होते, आणि बोटीची वाट बघणाऱ्या गोवेकर खलाशांसाठी मुंबईत धोबीतलावच्या परिसरात 'कूड' म्हणून ओळखली जाणारी वसतिगृहं उभी राहिली. त्या परंपरेतला हा पोरगा आईजवळ वाकून म्हणाला, "मावशी, अंडं पण चालत नाही ना? मग हे गोड नका घेऊ. उद्या काय करू तुमच्यासाठी, आत्ताच सांगा." आई संकोचली. मग म्हणाली, "साधं वरणभात मिळेल का रे बाळा?"

तिसऱ्या रात्री तिच्यापुढे पांढरा भात, पिवळं वरण आणि लिंबाची फोड आली. त्या हॉलमध्ये झुंबरं होती, पियानो वाजत होता. आईला मात्र आजही आठवते ती लिंबाची फोड, कारण ती तिने मागितलेली नव्हती.

डायनिंग हॉलचं खरं मोल मला त्या रात्री कळलं. तिथे तुम्हाला कुणीतरी ओळखतं. काय खाता आणि काय टाळता, हे दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगावं लागत नाही.

कुठलं जेवण कुठे

पहिल्या दिवसाचं दुपारचं जेवण: बुफेत बारा ते दीड ही सर्वांत गर्दीची वेळ. थोडी कळ काढून दोननंतर जा, किंवा डायनिंग हॉल उघडा आहे का ते विचारा. काही जहाजांवर तो पहिल्या दुपारीही उघडा असतो आणि निम्मा रिकामा असतो. मोठ्या बॅगा केबिनमध्ये पोचायला संध्याकाळ होते, म्हणून जेवणाआधीच्या गोळ्या आणि इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा.

बंदराच्या दिवशीचा नाश्ता: इथे बुफेच. आठ वाजता सहलीची बस असेल तर डायनिंग हॉलमध्ये ऑम्लेटची वाट बघण्यात जीव वरखाली होतो. बुफेत वीस मिनिटांत काम होतं.

समुद्रावरच्या दिवसाचा नाश्ता आणि दुपारचं जेवण: जहाज दिवसभर कुठेच थांबत नाही तेव्हा सगळेच बुफेत लोटतात. त्या दिवशी डायनिंग हॉल उघडा असेल तर तिथे जा. गरम पदार्थ बसल्या जागी येतो, खिडकीतून समुद्र दिसतो आणि कुठे जायची घाई नसते.

बंदराहून परतल्यावरची दुपार: तीन वाजता दमून आल्यावर बुफे किंवा तलावाकाठचा छोटा काउंटर बरा.

रात्रीचं जेवण: शक्य तितक्या रात्री खालीच जेवा. दिवसभर पांगलेलं कुटुंब एका टेबलाशी बसतं आणि कुणालाही ताटली घेऊन उठावं लागत नाही. सात रात्रींपैकी दोन बुफेला द्या. एक फार दमलेल्या दिवसाची, दुसरी मेनू मनाला न आलेल्या दिवसाची.

शाकाहारी असाल तर

आपल्याकडचा 'शाकाहारी' आणि जहाजावरचा 'व्हेजिटेरियन' हे दोन वेगळे शब्द आहेत. तिकडच्या व्हेजिटेरियनमध्ये अंडं चालतं. अंडं टाळणाऱ्यांनी पाटीवर 'व्हीगन' शब्द शोधावा. त्यात अंडंही नसतं आणि दूधही नसतं.

पाटीवर न दिसणाऱ्या काही गोष्टी लक्षात ठेवा. सूप अनेकदा कोंबडीच्या किंवा माशांच्या अर्कावर शिजवलेलं असतं. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये आणि वूस्टरशायर सॉसमध्ये अँकोव्ही नावाचे बारके मासे असतात. थाई रश्श्यात फिश सॉस असतो. मूस, जेली आणि थंड चीजकेक यांत जिलेटिन असू शकतं, आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. अस्सल पार्मेझान चीज वासराच्या जठरातलं रेनेट घालूनच करतात. शिवाय बुफेत एका भांड्यातला डाव दुसऱ्या भांड्यात जातो. तो मुद्दाम कुणी घालत नाही, पण रांगेतली माणसं घाईत असतात.

म्हणून शाकाहाराची, जैन आहाराची किंवा शेंगदाणे, कोळंबी यांच्या ॲलर्जीची बाब असेल, तर ती बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. निदान दीड महिना आधी कळवलेलं बरं. 'जैन' एवढाच शब्द न लिहिता कांदा, लसूण, बटाटा, कंदमुळं नकोत असं सविस्तर लिहा. मग पहिल्याच संध्याकाळी हेडवेटरला भेटून तीच यादी पुन्हा सांगा. बऱ्याच जहाजांवर असं सांगितलेलं असेल तर आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाचा मेनू आणून दाखवतात आणि तुमचा पदार्थ वेगळा करतात. ही सोय बुफेत मिळत नाही, कारण तिथे स्वयंपाक हजारोंसाठी झालेला असतो.

उपवासाच्या दिवशी मात्र बुफे कामाला येतो. साबुदाणा मिळणार नाही, पण फळं, दही, दूध, काजू-बदाम, उकडलेला किंवा भाजलेला बटाटा हवा तेवढा आणि हवा तेव्हा घेता येतो. एकादशी सहलीत येते आहे का, हे निघण्याआधी कॅलेंडरात बघून ठेवा.

मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून सुटणाऱ्या कॉर्डेलियाच्या 'एम्प्रेस'वर बहुसंख्य प्रवासी भारतीयच असतात, त्यामुळे तिथे शाकाहारी किंवा जैन जेवणाची चिंता नसते. ही सगळी खबरदारी मुख्यतः युरोप, अमेरिका, अलास्काकडच्या जहाजांसाठी आहे.

घरून नेलेल्या खाऊबद्दलही आधी विचारा. बंद पाकिटातला कारखान्यातला खाऊ बहुतेक कंपन्या चालवून घेतात, घरी केलेले लाडू-थेपले बऱ्याच ठिकाणी अडवतात. विजेची किटली तर आगीच्या भीतीने काढूनच घेतात. नाश्त्याचं सफरचंद पर्समध्ये टाकून बंदरावर उतरू नका. अमेरिका, ऑस्ट्रेलियासारख्या देशांत फळ नेल्याबद्दल दंड होतो.

मधुमेह, गुडघे आणि लहान मुलं

मधुमेह असणाऱ्यांनी दुसरी पाळी घेण्याआधी विचार करावा. साडेआठला बसलं तरी मुख्य पदार्थ समोर यायला सव्वानऊ होऊ शकतात. इन्सुलिन केबिनमध्येच घेऊन आलात तर तेवढ्या वेळात साखर उतरू शकते. पहिली पाळी मागा. ती मिळाली नाही तर बसताक्षणी पाव आणि सूप लगेच आणायला सांगा, आणि इन्सुलिनची वेळ डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. डायनिंग हॉलचा एक फायदाही आहे. ताटलीत बेताचं येतं, आणि पुन्हा हवं असेल तर मागावं लागतं. बुफेत नजर पोटाच्या पुढे धावते आणि पानात टाकलं जातं.

काठी घेऊन चालणाऱ्यांना हलत्या जहाजावर भरलेली ताटली सांभाळणं जिकिरीचं असतं. बुफेत जाणारच असाल तर आधी टेबल पकडा, त्यांना बसवा, मग एकाने दोघांचं आणावं. कर्मचाऱ्यांना सांगितलं तर तेही ताटली टेबलापर्यंत आणून देतात. डायनिंग हॉलमध्ये दाराजवळचं टेबल मागून घ्या.

लहान मुलांना दोन तास बसवणं अवघड. वेटरला सुरुवातीलाच सांगा, मुलांचं जेवण आधी येतं. डिस्नेच्या जहाजांवर कुटुंब दर रात्री वेगळ्या रेस्टॉरंटमध्ये जातं आणि वेटरही त्यांच्याबरोबर फिरतात, त्यामुळे मुलांना रोज ओळखीचा चेहरा दिसतो.

बोट लागत असेल तर

भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोटीने गेलेल्या पिढीला बोट लागणं म्हणजे काय हे सांगायला नको. वाऱ्यात माडाचा शेंडा झुलतो, बुंधा जागचा हलत नाही. जहाजाचंही तसंच. जितके वर जाल तितका झोका मोठा. म्हणून समुद्र खवळलेल्या दिवशी वरचा बुफे त्रासाचा आणि खालचा डायनिंग हॉल सोसवणारा. त्यातही जहाजाच्या मध्याकडचं टेबल मागा. कोरडी बिस्किटं, हिरवं सफरचंद, आलं असं काहीतरी थोडं थोडं खा. रिकाम्या पोटी जास्त मळमळतं.

हात कधी धुवायचे

जहाजावर नोरोव्हायरस पसरला की शेकडो जणांना उलट्या-जुलाब होतात. अमेरिकेची सीडीसी ही आरोग्यसंस्था १९७०च्या दशकापासून अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या परदेशी फेऱ्यांच्या प्रवासी जहाजांची स्वच्छता तपासते. तिथे १०० पैकी ८५ किंवा त्याहून कमी गुण मिळालेलं जहाज नापास ठरतं, आणि हे निकाल कुणालाही बघता येतात. बुकिंगआधी ते जरूर पाहा.

दाराशी ठेवलेलं अल्कोहोलचं सॅनिटायझर या विषाणूवर फारसं चालत नाही. साबण लावून वीस सेकंद हात चोळून धुणं, हाच उपाय. आपल्यासाठी यात आणखी एक गोष्ट आहे. आपण हाताने जेवणारी माणसं. बुफेच्या दाराशी हात धुतो, मग शेकडो हातांनी धरलेला डाव धरतो आणि त्याच हाताने पोळी मोडतो. म्हणून ताटली भरून टेबलावर ठेवा, हात पुन्हा धुवा आणि मग जेवायला बसा. डायनिंग हॉलमध्ये डावाला हातच लागत नाही, त्यामुळे हा धोका तिथे कमी.

कपड्यांची धास्ती नको

सात रात्रींच्या सफरीत साधारण दोन रात्री 'फॉर्मल' असतात. त्यासाठी सूट शिवायची गरज नाही. आपला पोशाख तिथे पूर्ण मानाने चालतो. पुरुषांना बंदगळा किंवा कुर्ता आणि नेहरू जाकीट, बायकांना साडी. पैठणी नेसून गेलात तर आसपासच्या टेबलांवरची माणसं काठ बघायला थांबतील. इतर रात्री साधी पँट आणि शर्ट पुरतो. हाफपँट मात्र टाळा. इतकंही नको असेल तर त्या रात्री बुफे उघडा असतोच.

पहिल्या दुपारचं एक काम

जहाजावर चढल्या दिवशी दुपारी डायनिंग हॉलच्या दाराशी बहुधा एखादा हेडवेटर टेबलांची यादी घेऊन बसलेला असतो. टेबल बदलून घेणं, पाळी बदलणं, अनोळखी लोकांऐवजी आपल्याच माणसांचं टेबल मागणं, हे सगळं तेव्हा सोपं असतं. संध्याकाळ झाली की जागा भरतात.

वरच्या डेकवर सगळे रांगेत उभे असतील तेव्हा दहा मिनिटं काढून खाली जा. सोबतच्या आजीलाही न्या. आमच्यात कोण काय खात नाही, एवढं त्या माणसाला नीट सांगा आणि तो लिहून घेतोय ना ते बघा. मग वर जाऊन निवांत जेवा. त्या रात्री खाली याल तेव्हा आजीला काय खाऊ आणि काय नको, हे ताटाकडे बघत एकटीने ठरवावं लागणार नाही.